मामा दाराबाहेर

अगं, मधे बोलू नकोस, आधी ऐक. आपल्या रियाच्या आईच्या किडन्या गेल्यात ना, तर रिया घरीच तिचं डायलिसिस करते. पोटातल्या नळीतून जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं, दिवसातून चार वेळा. तेवढा वेळ दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. मागे एकदा इन्फेक्शन झालं, तेव्हा आई मरता मरता वाचली.

काल रियाने नळी उघडली आणि नेमका करंजाहून काशिराममामा आला, सात माणसं घेऊन, आजारी बहिणीला बघायला. दारावर धडाधड थापा!

"रिये, कडी काढ! बहिणीला उकाड्यात कोंडलंस काय?"

"मामा, अर्धा तास बस ना बाहेर."

"आमी काय रोग घेऊन आलो?"

आई कळवळली, "उघड गं, माझा भाऊस हाय." रियाचं डोकं असं तापलं! बघायला आलेत की मारायला? तिने नाहीच उघडलं.

मामा जाताना ओरडला, "तुज्या लग्नाला मामा येनार नाय, समज!" लग्न बारा दिवसांवर! आई तेव्हापासून रियाशी बोलत नाही. डायलिसिसच्या पाण्याची बॅग मात्र तिच्याच हातून लावून घेते.

सांग, तू काय केलं असतंस?