अधणाचं मीठ

हृदयाचं ऑपरेशन करून घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी पाशामियाँनी पलंगावर बसल्या बसल्या पाच किलो लसूण सोलून टाकला. घरात माणसं तीन, आणि तीही अर्धा किलो लसूण महिनाभर पुरवणारी. उरलेला लसूण त्यांच्या बायकोनं, रजियाबींनी गल्लीत वाटला, तरी दोन दिवस नांदेडच्या इतवारा मोहल्ल्यात सगळ्यांच्या तोंडाला एकच वास येत होता.

म्हटलं तर चूक डॉक्टरांची होती. काही छंद आहे का, असं त्यांनीच विचारलं होतं. पाशामियाँ अडुसष्ट वर्षांचे, त्यातली पंचेचाळीस लग्नाच्या खान्याच्या मोठाल्या हंड्यांसमोर, देगांसमोर गेलेली. नांदेडपासून मुदखेड, मुखेडपर्यंत कुणाच्या दारात मांडव घातला की खाना पाशामियाँचा, हे ठरलेलं. छंद ही पोट भरलेल्या रिकाम्या लोकांची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असं त्यांनी डॉक्टरांना जरा तोऱ्यातच सांगितलं. डॉक्टरांनी तोरा मोजला नाही. तीन महिने जाळासमोर उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही, मीठ नावालाच खायचं, आणि बसून करता येईल असं काहीतरी शोधायचं, एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

त्यावर रजियाबींनी स्वतःची अट चढवली. दीड महिन्यानं उमरीला भाचीचं, मुबश्शिराचं लग्न होतं. आठशे माणसांचा खाना. चाळीस दिवस गुमान बसून दाखवलं तर त्या नवऱ्याला उमरीला नेणार होत्या, तेही जाळापासून लांब खुर्चीवर बसायला. एकदा जरी काही उचलताना दिसले, तर जायचं नाव काढायचं नाही.

पाशामियाँनी लगेच मान डोलावली, कारण त्यांना भीती वाटली. सगळी मेहनत मुलगा जुबेर कधीपासून करत होता. लाकडं, मटण, मसाला, माणसं, सगळं तोच बघायचा. पण देगेत तांदूळ सोडायच्या आधी अधणाचं पाणी चाखून 'हां' म्हणायचा मान उस्तादाचा. बिर्याणीचं मीठ तिथंच ठरतं. एकदा तांदूळ पडला की मग अल्ला मालिक. उमरीत ते 'हां' दुसऱ्या कुणी म्हटलं, तर पाशामियाँ संपले हे सगळ्या बिरादरीला कळणार होतं. ते त्यांना नको होतं.

म्हणून छंद सुरू झाले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. गच्चीवर कोथिंबीर लावायची ठरली, तर त्यांनी तुपाचे चौदा डबे भरून धने पेरले. चिमण्यांना दाणे घालायचे म्हणून पायलीभर ज्वारी पसरली. चिमण्या राहिल्या बाजूला, शहरभरची कबुतरं आली आणि शेजारचे भुजंगराव वाळत घातलेल्या धोतराची अवस्था दाखवायला धोतरच घेऊन आले. मग रजियाबींनी हातात सुया आणि लोकर दिली. नऊ दिवसांत मफलर गळ्यापासून निघून गुडघ्याच्या खाली गेला, तरी थांबावं कुठं ते पाशामियाँना कळेना. हात आठशे माणसांचा; एक माणूस त्यात बसतच नव्हता.

जेवणाचं दुःख वेगळंच. पहिल्या आठवड्यात बिनमिठाच्या वरणाकडे बघून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. एवढा मोठा बावर्ची, आणि बायकोकडे चिमूटभर मीठ मागतोय. पण महिनाभरात त्या वरणातसुद्धा त्यांना चव सापडायला लागली. आपली जीभ आता आणखी बारीक झाली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

चाळीस दिवस निघाले. रजियाबींनी शब्द पाळला.

उमरीत लग्नाच्या दिवशी मांडवामागं देगा चढल्या होत्या आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला खुर्ची ठेवली होती. पाशामियाँ त्यावर नवी शेरवानी घालून बसले. लांबून बघणाऱ्याला नवरदेवाचा आजा वाटावा. अधणाला उकळी फुटली तसा जुबेर पळीत पाणी घेऊन आला. पाशामियाँनी ते तळहातावर घेतलं, चाखलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"खारट हाय. लई खारट. दोन बादल्या पानी टाक."

"हाव, अब्बा," जुबेर म्हणाला. त्यानं माणसांना हाक मारली, बादल्या आल्या, देगेच्या पलीकडे गेल्या. पाशामियाँनी पाय लांब केले. आपण नसतो तर आज आठशे माणसं खारट तोंडानं उठली असती, हे त्यांनी आधी स्वतःला सांगितलं, मग रजियाबींना, मग लग्नाला आलेल्या भुजंगरावांना.

पंगत बसली. रजियाबींनी आजच्या दिवसापुरती दोन घासांची परवानगी दिली. पहिलाच घास तोंडात गेला आणि पाशामियाँ गार पडले. बिर्याणी खारट होती, मघाच्या अधणाइतकीच खारट. दोन बादल्या टाकूनही. आता ओरड होणार म्हणून ते पंगतीकडे बघत राहिले. ओरड झाली ती आणखी वाढा म्हणून. भुजंगराव तर तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, की मीठ असं नेमकं टाकणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही.

पाशामियाँ उठले आणि सावकाश मांडवामागं गेले. देगांच्या पलीकडे भांडी घासायच्या जागेवर पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या तशाच उभ्या होत्या.

"माझं ऐकलं न्हाईस," ते म्हणाले.

जुबेरनं खाली बघितलं. "न्हाई, अब्बा."

"कवापासून ऐकत न्हाईस?"

जुबेरनं हात पुसले. "चार वर्षं झाली. बीपीच्या गोळ्या लागल्या तवापासून तुमाला कधी अळणी लागतंय, कधी खारट. तुमी सांगता, मी हाव म्हनतो, अन् माझ्या अंदाजानं टाकतो."

पाशामियाँना छातीत दुखलं, टाक्यांच्याही आत. चार वर्षांची लग्नं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. प्रत्येक ठिकाणी लोकांनी वाहवा केली होती आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी छातीवर हात ठेवून ती घेतली होती. राग आला, पण काढायचा कुणावर? ज्या पोरानं बापाची लाज झाकली त्याच्यावर? आणि मग त्यांना हसू आलं, थांबेना असं हसू. चार वर्षं देगेजवळ बसून आपण जे करत होतो तो छंदच होता की. डॉक्टरांना उगाच 'छंद नाही' म्हणून सांगितलं.

ते पंगतीत परत आले आणि भुजंगरावांना म्हणाले, की खाना जुबेरनं केलाय, मीठही त्याचंच. भुजंगरावांनी ते हसण्यावारी नेलं. मोठ्या माणसाला असंच बोलणं शोभतं, असं ते शेजारच्याला सांगू लागले. शेजारच्यानं पाशामियाँचे दोन्ही हात कपाळाला लावले. पाशामियाँनी आणखी दोघांना सांगून बघितलं. जेवढं खरं सांगावं तेवढी वाहवा वाढत चालली.

शेवटी ते पुन्हा मांडवामागं गेले आणि जुबेरला, त्याचे हात खरकटे होते तसेच, दंडाला धरून पंगतीच्या मधोमध आणून उभं केलं.

"चार वर्षं झाली, ह्योच करून राहिला," पाशामियाँ म्हणाले. "मी निस्ता बसलेला होतो."