थोरलीची नोंद

चार महिने झाले तरी धुरपदाबाईचा निराधारचा पगार आला नव्हता. सरकार महिन्याला दीड हजार रुपये खात्यावर टाकतं, त्याला गावात पगारच म्हणतात. नवरा बलभीम जाऊन नऊ वर्षं झालेली. पोटी कुणी राहिलं नाही, रान नाही, आणि सहासष्टाव्या वर्षी खुरपं धरावं तर बोटं वळत नाहीत. पीठमीठ, बीपीची गोळी, लाईटचं बिल, सगळं त्या पगारावर. चार महिने तिनं इकडून तिकडून ढकलले. पाचव्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट रिकामं झालं, तशी ती ग्रामपंचायतीशेजारच्या ऑनलाईन केंद्रात गेली.

केंद्र गायत्री चालवायची. गावातलीच सून, हाताला चपळ, बोलायला गोड. तिनं आधारचा नंबर घातला, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

"आजी, घाबरू नका. चूक झालीय."

"कुणाची?"

"तुम्ही मयत आहात म्हणून पगार बंद झालाय."

दारात शांताक्का बसली होती. धुरपदाबाईची शेजारीण, ऐंशीच्या पुढची, लिंगायताची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. तिनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "यव्वा, मेलीस आन् सांगितलं बी न्हाईस? तेराव्याचं जेवण बुडालं की आमचं."

"अक्का, गप बसा बरं," गायत्री हसू दाबत म्हणाली. मग तिनं समजावून सांगितलं. जन्ममरणाची जुनी रजिस्टरं यंदा कॉम्प्युटरवर घेतली. मग पगार घेणाऱ्यांची यादी त्या मेलेल्यांच्या यादीशी ताडून बघितली. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, गाव तेच. साल कुणी बघितलं नाही.

धुरपदाबाई हसली नाही. कोण मेलं होतं, ते तिला ठाऊक होतं.

तिचं माहेर तेरखेड्याचं, आणि माहेरचं नाव कमल. अठराव्या वर्षी तिला बलभीमला दिली. बलभीम बिजवर होता. पहिली बायको धुरपदा वर्षापूर्वी बाळंतपणात वारली होती आणि तेव्हापासून घराला थारा नव्हता. म्हैस आटली, सासूचा हात आखडला, चुलीवरचं दूध नासायला लागलं. देवऋषी म्हणाला, तिचा जीव घरात अडकलाय, तिची जागा तिला द्या. जागा द्यायची रीत सगळ्या मुलखात ठरलेली आहे. मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक करायचा आणि नवीच्या गळ्यात बांधायचा. पण सासूला तेवढ्यानं भागेल असं वाटेना. लग्नात नाव बदलायचंच असतं, तर तिनं नव्या सुनेला मेलेल्या सुनेचंच नाव ठेवलं.

"तिला वाटलं पायजे, आपुन घरातच हाय," सासू टाकाचा दोरा आवळत म्हणाली होती. "तू कमल म्हणून आलीस तर ती तुला नांदू द्यायची न्हाय."

तेव्हापासून ती धुरपदा झाली आणि मेलेली झाली थोरली. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिलं कुंकू थोरलीला, पहिला घास थोरलीला. दोनदा दिवस गेले, दोन्ही मुलं पोटातच गेली. थोरलीनं नेली, असं सासू म्हणाली आणि तिनं ते खरं मानलं. घरात ती कधी मोठ्यानं बोलली नाही. तेरखेडं फटाक्यांचं गाव, म्हणून बायका चिडवायच्या, "दारूच्या गावची असून हिचा बार कसा उडत न्हाय?" ती पदर तोंडाशी धरायची. आपण दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचं नाव घेऊन बसलोय, मालकीण कधीही येईल, असं तिला वाटायचं. भूकंपात जुनं घर पडलं आणि वसाहतीत नवं मिळालं, तेव्हा आता ती मागं राहील अशी आशा होती. ती मागं राहिली नाही.

केंद्रातून आल्यापासून तर थोरली पायाला पाय लावून चालायला लागली. भर दुपारी गल्ली सामसूम असताना आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या. धुरपदाबाई आत जाऊन बघायची, तर खुंटीवरचं लुगडं वाऱ्याशिवाय हलायचं. नळावर बायका थट्टेनं म्हणायच्या, "आली बघा मेलेली." ती मागं वळून बघायची, कुणाला म्हणायल्यात म्हणून. अठ्ठेचाळीस वर्षं गावाला जे विसरायला लावलं, ते त्या मशीननं ओळखलं, असं तिला वाटत राहिलं. सरकारनं बरोबर लिहिलंय. धुरपदा मेलेलीच आहे.

आठ दिवसांनी गायत्रीनं बोलावलं.

"आजी, दोन वाटा हायत. सोपी सांगते आधी. मरणाची नोंद चुकून झाली, धुरपदाबाई हयात आहे, असं प्रतिज्ञापत्र करायचं. गावातल्या पाच जणांच्या सह्या. तहसीलला ती नोंद रद्द करतील. महिन्या-दोन महिन्यांत पगार सुरू, मागचाही मिळेल."

"आन् अवघड?"

"मेली ती पहिली बायको, मी दुसरी, असं सांगायचं. मग ते इचारणार, दोघींचं नाव एकच कसं? तुम्ही येगळ्या हाव ह्याला पुरावा काय? तर माहेरचा जन्माचा दाखला. त्याच्यावर कमल. मग आधार, रेशनकार्ड, बँक, सगळीकडं नाव बदला. चौकशी, नवा अर्ज. वर्ष जाईल आजी. मंजूर होईलच असंही म्या सांगू शकत न्हाय."

"पर पहिलं खोटं हाय."

"त्यात कुणाचं काय जायलंय? जी गेली ती काय भांडायला येणार हाय व्हय?"

धुरपदाबाईनं दाराकडं बघितलं. दारात ऊन पडलं होतं, बाकी कुणी नव्हतं.

"सोपीच कर," ती म्हणाली.

नोंद रद्द करायला नोंदीची नक्कल लागते. ती यायला पंधरा दिवस गेले. तोवर शांताक्का रोज सकाळी ताटलीखाली भाकरी झाकून आणायची आणि वर म्हणायची, "जास्त झाली गं, टाकून देण्यापरीस तुला आणली." दोघींनाही ते खोटं माहीत होतं.

नक्कल आली त्या दिवशी गायत्रीनं कागद टेबलावर सरळ केला. जुन्या बोरूच्या अक्षराची झेरॉक्स, कडा काळ्या पडलेल्या.

"वाचून दाव," धुरपदाबाई म्हणाली.

"काय करता आजी ऐकून?"

"वाच म्हणलं ना."

गायत्री बोट फिरवत वाचायला लागली. "धुरपदा भ्रतार बलभीम. जात, गाव हे सोडा. मरणाचं कारण, बाळंतपण. वय, एकोणीस."

"किती?"

"एकोणीस."

"नीट बघ."

"नीटच हाय आजी. एकावर नऊ."

धुरपदाबाईच्या डोळ्यांपुढं थोरली कायम एक थोराड, रुंद बांध्याची बाई होती. कपाळावर आठ्या, कमरेवर हात. सासूहून मोठी, सासूहून कडक. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं त्या बाईला घाबरून घास काढून ठेवला होता. एकोणीस म्हणजे गायत्रीच्या धाकट्या बहिणीएवढी, परवा एसटीत तिला जागा देणाऱ्या कॉलेजच्या पोरीएवढी.

"आन् त्याच्याखाली काय लिवलंय?" तिनं विचारलं. एक ओळ आणखी होती.

गायत्रीनं बोट खाली सरकवलं. "त्याच दिवसाची हाय. मूल, पुरुष. नाव न्हाय. वय, एक दिवस."

त्या दिवशी धुरपदाबाई सरळ घरी गेली नाही. शांताक्काच्या ओसरीवर जाऊन बसली. शांताक्का तूर पाखडत होती.

"अक्का, तुमी तिला बघितलं होतं?"

"कुणाला?"

"थोरलीला."

सुपातली तूर थांबली. "बघितलं की. माझ्या बरोबरीनं पाण्याला यायची. पोर होती ती. लई हसायची, कायबी कारण नसताना. चिंचा वट्यात घालून आणायची अन् सासूच्या भ्यानं माझ्यापाशी ठिवायची."

"भांडखोर होती?"

"ती? कुत्र्याला हाड म्हणायची न्हाई. मेल्यावर तुझ्या सासूनंच हाकाटी केली, लागली म्हणून. दोन दिवस अडली होती, दवाखान्याला गाडी जुंपली न्हाई. मग पुढं काय तरी बोलावं लागतंय की माणसाला."

"मला कधी सांगितलं न्हाय तुमी."

"तू कधी इचारलंस? तिचा विषय निघाला की तुझा पदर तोंडात." शांताक्कानं सूप झटकलं. "एक फोटू न्हाई तिचा. माहेरची माणसं दुष्काळात कुठं गेली, त्याचाबी पत्ता न्हाई. म्या मेले की तिला वळखणारं कुणी उरलं न्हाई बघ."

त्या दुपारी घरात बांगड्या वाजल्या तेव्हा धुरपदाबाई आत गेली नाही. उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली. पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, की आवाज काचेच्या, बारीक बांगड्यांचा होता. पोरीबाळी भरतात तसल्या.

सह्या झाल्या. शांताक्कानंही पंच म्हणून अंगठा दिला. पुढच्या सोमवारी दोघी एसटीनं तालुक्याला गेल्या. तहसीलच्या व्हरांड्यात दोन तास बसल्यावर कारकुनानं हाक मारली, "धुरपदाबाई, हयात." बाकावरची माणसं हसली.

आत तहसीलदार मॅडम बसल्या होत्या. तरुण, पण आवाज घाईचा नव्हता. त्यांनी कागद चाळले.

"तुमची मृत्यूची नोंद चुकून झाली असं तुमचं म्हणणं आहे. बरोबर?"

धुरपदाबाईनं नकलेवरच्या नावावर बोट ठेवलं. "बाई, ही नोंद खोडली तर काय हुतंय?"

"रद्द होते. म्हणजे अशी कुणी मेलीच नाही, असं धरायचं."

"आन् ही खालची, लेकराची?"

मॅडमनी चष्मा वर केला. "आई मेलीच नाही म्हटल्यावर तीही तपासावी लागेल. का?"

धुरपदाबाई उभीच होती. तिला वाटलं, ह्या खोलीत आपल्या मागं कुणीतरी पोटावर हात धरून उभं आहे आणि उत्तराची वाट बघतंय. तिनं त्या पोरीचा नवरा घेतला, चूल घेतली, नाव घेतलं. गावाच्या तोंडातून तिला पुसून टाकलं. ह्या एका कागदावर तेवढी ती धुरपदा होऊन मेली होती, आणि तिचं लेकरू एक दिवसाचं होऊन जगलं होतं. आता दीड हजारासाठी तेही खोडायचं.

"खोडू नका," ती म्हणाली.

"काय?"

"नोंद खरी हाय. धुरपदा मेली. बाळंतपणात मेली, एकोणीस वर्सांची. म्या तिच्या मागून आले. माझं नाव कमल हाय."

व्हरांड्यातून शांताक्का आत डोकावली. कारकुनानं कपाळाला हात लावला. "मावशी, पाच पंचांनी सह्या केल्यात ह्याच्यावर."

"त्यांची चूक न्हाय. म्याच सांगितलं तसं."

मॅडमनी नक्कल पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी प्रतिज्ञापत्र बाजूला काढून ठेवलं. "बाई, हे नीट समजून घ्या. आता तुमच्या नावाचा सगळा पुरावा नव्यानं लागेल. तोपर्यंत पैसे येणार नाहीत. मी लवकर करायला सांगेन, पण वर्ष धरून चला."

"धरते."

"मग तुमचा जबाब लिहून घेतो. खाली सही करा."

धुरपदाबाईनं पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. साक्षरतेच्या वर्गात तिला एवढं एकच लिहायला शिकवलं होतं, आणि ते नाव थोरलीचं होतं. तिनं पेन परत दिलं आणि अंगठा पुढं केला.

बाहेर आल्यावर शांताक्का काठी टेकत पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "आता खाशील काय?"

"बघू."

"काय बघू? रोजच्या दोन भाकरी म्या देते. कालवण तुझं तू कर. अन् गोळीचं माझ्या लेकाला सांगते. उपकार न्हाई, आल्यावर फेडायचं."

"फेडीन."

"त्या पोरीसाठी केलंस व्हय?"

धुरपदाबाई स्टँडकडं वळली. नाव परत दिलं होतं, आणि घरी गेल्यावर काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. सासूनं घातलेली भीती एका अंगठ्यानं जात नसते.

एसटी लागली. दोघी चढल्या. धुरपदाबाई तिघांच्या बाकावर बसली, खिडकीची जागा सोडून. शांताक्का काठी टेकत आली.

"सरक की खिडकीकडं."

"अक्का, तुमी ह्या बाजूला बसा."

"अन् तिथं कोण बसणार हाय?"

धुरपदाबाईनं मोकळ्या जागेवरची धूळ पदरानं पुसली. "असू दे," ती म्हणाली.

शांताक्कानं एकदा त्या जागेकडं बघितलं, एकदा तिच्या तोंडाकडं. मग अलीकडच्या टोकाला टेकली. गाडी सुटली. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा धुरपदाबाईनं म्हातारपणाच्या सवलतीसाठी आधार कार्ड काढलं, त्यावरचं नाव एकदा बघितलं आणि ते त्याच्या हातात दिलं.