महाराजांचं मीठ आणि दोन भाऊ

"पारा हलला?" महाराजांनी विचारलं.

"नाही हलला!" मंडपातून शेकडो गळे ओरडले.

शहाऐंशी सालची गोष्ट. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला दर गुरुवारी हा दरबार भरे. व्यासपीठावर काशीराम राणे बसलेला. महाराजांनी मंतरलेलं मीठ तो रोज सकाळी पाण्यातून घ्यायचा, आणि गुरुवारी एक कंपाउंडर सगळ्यांदेखत त्याचं ब्लडप्रेशर मोजायचा. दर वेळी तेवढंच!

"डॉक्टर म्हणतो, मीठ सोड," महाराज हसले. "अरे, समुद्राने कधी मीठ सोडलं? त्याचं प्रेशर वाढलं?"

टाळ्या पडल्या. समुद्राला मूत्रपिंडं नसतात, हे बोलायची शुद्ध कुणाला होती!

गर्दीत काशीरामचा धाकटा भाऊ सहदेव आणि त्याची बायको वनमाला होती. दोघे भाऊ गिरणीतले. संपानंतर काशीराम एका कंपनीत वॉचमन झाला, सहदेव भांडुपला लेथवर लागला. त्यांचे वडील पन्नाशीतच प्रेशर वाढून अर्धांगवायूने गेले होते. सहदेवचंही प्रेशर चढं. म्युनिसिपल दवाखान्यातल्या डॉ. जया गायकवाडांनी त्याला गोळ्या दिल्या होत्या. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद केली होती.

त्या संध्याकाळी काशीराम प्रसादाच्या मिठाची पुडी घेऊन आला.

"भावोजी, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात," वनमाला म्हणाली.

"एकाच आवशीच्या पोटचे आम्ही," काशीराम म्हणाला. "माका काय एक होणा नाय, मगे तेका कशाक होयत?"

सहदेवला ते पटलं. महाराजांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता, पण दादावर होता. गोळ्या सोडून तो रोज ते मीठ घेऊ लागला. काही दिवसांनी मान जड होऊ लागली, डोकं ठणकू लागलं. महाराज म्हणाले, "मनात शंका आहे. मीठ वाढव."

एका सकाळी तो लेथवरच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

डॉ. जया त्याला बघायला हॉस्पिटलात आल्या, तेव्हा काशीराम बाहेर व्हरांड्यात बसला होता. "बाई, मग माझं का नाही वाढलं?"

त्या शेजारी बसल्या. "तुमची मूत्रपिंडं जास्तीचं मीठ सहज बाहेर टाकतात. त्याची टाकत नव्हती. नाक-डोळे आईबापांकडून येतात ना, तसंच हेही बरंचसं वारशाने येतं. एका भावाला मिळतं, दुसऱ्याला नाही. नेमकं कशामुळे, ते शास्त्र अजून शोधतंय."

"म्हणजे मंत्र...?"

"सुरुवातीला व्यासपीठावर तुम्ही एकटेच होता?"

काशीरामला आठवलं. सुरुवातीला रांगच्या रांग होती. ज्याचा पारा चढला, त्याला 'श्रद्धा कमी' म्हणून खाली उतरवलं. शेवटी तो एकटा उरला होता.

"चमत्कार मिठात नव्हता," बाई म्हणाल्या. "ज्याला मीठ बाधत नाही असा माणूस त्यांनी निवडला आणि तो सगळ्यांना दाखवला."

काशीरामला खात्रीच हवी होती. बाईंच्या देखरेखीखाली दोन आठवडे त्याने प्रसादाऐवजी वाण्याकडचं साधं मीठ तेवढ्याच मापाने घेतलं. त्यांनी स्वतः मोजलं. प्रेशर तेवढंच!

पुढच्या गुरुवारी कंपाउंडरने आकडा सांगितला, टाळ्या पडल्या, आणि काशीरामने माइक ओढून घेतला.

"दोन आठवडे मी वाण्याकडचं साधं मीठ घेतलंय. प्रसादाला मी हात लावलेला नाही."

मंडपात कुजबुज सुरू झाली. महाराज शांतपणे म्हणाले, "भावाच्या दुःखाने भ्रमिष्ट झालाय. त्याच्या भावाची श्रद्धा कमी पडली."

"त्याची श्रद्धा कमी?" काशीरामचा आवाज फाटला. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला, त्याने माझ्यावर! माझ्याबरोबर इथे बसलेले बाकीचे कुठे आहेत? त्यांच्या घरी जाऊन विचारा!"

मागून एक बाई उठली. "आमचे मालक बसायचे," ती म्हणाली. "गेले."

काहींनी काशीरामला शिव्या घातल्या, काही मुकाट उठून गेले. महिन्याभरात महाराजांनी मंडप गोवंडीकडे हलवला. तिथेही गर्दी जमली म्हणतात.

सहदेवची वाचा परत आली नाही. काशीराम ड्यूटीवरून येऊन त्याला पेज भरवायचा. सहदेव त्याच्याकडे बघत राहायचा, आणि ती नजर काशीरामला सोसायची नाही.

लोकहो, दुसऱ्याला पचलं म्हणून आपल्याला पचेलच असं नाही. वारसा म्हणजे शाप नव्हे. तो वेळेवर कळला तर सांभाळता येतो. त्याला मंत्र लागत नाही. लागतात तपासणी, पथ्य आणि गोळ्या.

एके दिवशी सहदेवची मुलगी शकु घाबरत म्हणाली, "काका, बाबांचं माझ्यातही आलं असेल?"

"आलं असेल, नसेलही," काशीराम चपला घालत म्हणाला. "चल, दवाखान्यात जाऊन मोजून बघू."