भंगारात न गेलेलं इंजिन

शार्कसमोर गेलं की माणसाला जगातली आपली खरी जागा कळते, असं मेल्विन काहाले गेली एकतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता, पॅसिफिकमधल्या बेटावरच्या हालेइवा बंदराच्या धक्क्यावर, प्रवाशांना गंभीर चेहऱ्याने सांगत आला होता. एवढं सांगून झालं की तो प्रत्येकाला बोटीतली त्याची खरी जागा दाखवायचा. वजनदार मंडळी मधोमध, ज्यांना बोट लागते ती मागे, आणि नवराबायको भांडून आलेले दिसले तर एकाला डावीकडे, एकाला उजवीकडे.

त्या मंगळवारी मात्र हे सगळं त्याची भाची पुआ हिने सांगितलं. मेल्विन मागच्या बाजूला बर्फाच्या पेटीवर हाताची घडी घालून बसला होता. सुपरवायझर वर्गात शिरल्यावर शेवटच्या बाकावर बसतो, तसा.

पुआ चौतीस वर्षांची होती. त्यातली अकरा वर्षं तिने याच बोटीवर लोकांना शार्कमध्ये उतरवण्यात घालवली होती. पिंजरा नाही, जाळी नाही. एक दोर, बारा प्रवासी, पुआ, आणि ज्यांना बघायला आलो ते. कॅप्टनचा परवानाही तिने चार वर्षांपूर्वी काढला होता. तो घरी भिंतीवर फ्रेममध्ये होता आणि बोटीची किल्ली मेल्विनच्या गळ्यात लाल दोरीला होती. आंघोळ करतानासुद्धा तो ती काढत नसे. शेवटी त्याच्या गुडघ्यांनी आणि आंटी लोर्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकजूट केली तेव्हा तो नमला. पण अट घालून.

"एक फेरी तू एकटीने कर," तो म्हणाला. "मी तोंड उघडणार नाही. तूतू आली, तर किल्ली तुझी. नाही आली, तर मी काय, सत्तरचाच आहे. बसतो अजून दहा वर्षं."

तूतू म्हणजे आजी. ही आजी अकरा फूट लांब होती आणि तिच्या पाठीवरच्या पंखाचं टोक तुटलेलं होतं. मेल्विनची आजी वारली त्याच वर्षी ती पहिल्यांदा बोटीखाली आली. घरातली गेलेली माणसं शार्क होऊन राखण करायला येतात, यात काहाल्यांच्या घरात कोणाला काही विशेष वाटत नसे. मेल्विनला तर पुराव्याचीही गरज नव्हती. आजीसुद्धा अशीच आवाज न करता मागून यायची आणि काही न बोलता बघत राहायची.

पुआच्या मनात धाकधूक होती, ती वेगळ्याच कारणाने. मागच्याच आठवड्यात तिने मेल्विनच्या मागे लागून बोटीचं जुनं इंजिन बदललं होतं. ते जुनं डिझेल इंजिन तीन ठोके द्यायचं आणि एकदा शिंकायचं, धक धक धक फुस्स, आणि शिंकेबरोबर जो धूर सोडायचं त्याने शार्क दिसायच्या आधीच निम्मे प्रवासी कठड्यावर वाकलेले असायचे. नवं इंजिन इतकं शांत होतं, की बंदरातून निघून दहा मिनिटं झाल्यावर एका बाईंनी विचारलं, "निघणार कधी?"

जुनं इंजिन भंगारात दिलं, असं पुआने मामाला सांगितलं होतं. ते अगदीच खरं नव्हतं.

किनाऱ्यापासून तीन मैलांवर नेहमीच्या जागी बोट थांबली. मेल्विनने उठून स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि परत पेटीवर जाऊन बसला. पुआने नियम सांगितले. "पाण्यात उभं राहायचं. हातपाय झाडायचे नाहीत. शार्क जवळ आला तर त्याच्या नजरेला नजर द्यायची, पाठ फिरवायची नाही, आणि घाईघाईने निघून जायचं नाही. थोडक्यात, सासरच्या माणसांशी वागतो तसं वागायचं."

मग तिने खाली पाहिलं. रोज पाच मिनिटांत तळातून करड्या सावल्या वर येऊन फिरायला लागायच्या. आज खाली निळं पाणी होतं. फार सुंदर निळं. पंचवीस मिनिटं झाली तरी त्याने त्यापलीकडे काही दाखवलं नाही.

"केळं," लिनो म्हणाला.

लिनो बोटीवरचा खलाशी. दोर, शिडी आणि अपशकुन ही त्याची खाती. बोटीवर केळं आणलं की मासा मिळत नाही, इंजिन बिघडतं आणि माणसं बुडतात, हे या बंदरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. लिनो प्रत्येक प्रवाशाला बोटीत घेताना विचारतो. आजही विचारलं होतं.

"कोणीतरी खोटं बोललंय," तो म्हणाला. "पिशव्या उघडा."

पिशव्या उघडल्या. एका पिशवीतून केळ्याचं चित्र असलेला टॉवेल निघाला. त्याची घडी उलटी घालून चित्र आत करण्यात आलं. आणि नेब्रास्काहून आलेले दातांचे निवृत्त डॉक्टर हार्लन व्हिटकॉम यांच्या पिशवीतून कागदी रुमालात गुंडाळलेलं एक अस्सल केळं निघालं.

"मला वाटलं गंमत करताय," डॉक्टर म्हणाले. "ते माझं पोटॅशियम आहे."

"फेका," लिनो म्हणाला.

"फेकायचं नाही," पुआ म्हणाली. "शार्कसाठी पाण्यात खाणं टाकायला बंदी आहे. परवाना जाईल."

"शार्क केळं खातो होय गं?"

"कायद्यात पदार्थाचं नाव लिहिलेलं नाही, लिनो."

थोडा वेळ सगळ्यांनी त्या केळ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी ते सोलून चार घासांत संपवलं आणि साल खिशात ठेवली. लिनोचं समाधान झालं नाही.

"आता केळं कुठे आहे?" त्याने विचारलं.

"पोटात."

"आणि पोट?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "इथे."

"म्हणजे केळं बोटीवरच आहे."

डॉक्टरांच्या पत्नी डोरीन यांनी गॉगल वर केला. "हार्लन," त्या म्हणाल्या, "उतर."

अशा रीतीने डॉक्टर व्हिटकॉम एकटे पाण्यात उतरले आणि बोटीचा दोर धरून उभे राहिले. दर दोन मिनिटांनी ते डोकं वर काढून सांगत, "खाली कोणी नाही." दाताच्या डॉक्टरला रोग्याने वेळ घेऊन न येणं नवीन नसतं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

पेटीवर बसलेल्या मेल्विनने घसा खाकरला. त्या खाकरण्यात अजून दहा वर्षं होती.

इतक्यात वायरलेस खरखरला.

"काइ मालिए, काइ मालिए. पुआ, आहेस का गं?" काइ मालिए हे पुआच्या बोटीचं नाव, आणि हाक मारणारा आवाज स्टॅन्ली ओशिरोचा होता. अर्ध्या मैलावर त्याची खेकडे पकडायची बोट उभी होती.

"बोल स्टॅन्ली. कामात आहे."

"कसल्या कामात? तुझी सगळी मंडळी इकडे आलीयत. तीसेक तरी असतील. सापळा वर घेऊ देत नाहीत. आणि ती तुटक्या पंखाची म्हातारी सकाळपासून माझ्या बोटीखालून हललेली नाही."

पुआने आवाज कमी करायला हात घातला. गडबडीत बटण उलटं फिरलं.

"बाकी तू विकलेलं ते इंजिन झकास चालतंय हो!" स्टॅन्ली साऱ्या पॅसिफिकला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "कालच बसवलं. धूर जरा सोडतं, पण खेकड्यांना कुठे वास येतोय."

दूरवरून, पाण्यावरून, अगदी बारीक ऐकू येत होतं. धक धक धक फुस्स.

"भंगारात गेलं म्हणाली होतीस," मेल्विन म्हणाला. दीड तासातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"स्टॅन्लीची बोट बघितलीत ना तुम्ही, अंकल? त्यात आणि भंगारात असा काय फरक आहे?"

मेल्विन हसला नाही. खेकडेवाले उरलेलं आमिष समुद्रात ओततात आणि त्यांच्या इंजिनाचा आवाज शार्क लांबून ओळखतात, ही गोष्ट तो स्वतःच प्रवाशांना सांगत असे. फक्त ती दुसऱ्यांच्या बोटींखाली येणाऱ्या शार्कबद्दल असायची. त्याचं जुनं इंजिन मुळात एका खेकडेवाल्याचं होतं, हे त्याला माहीत होतं. तूतू त्याला भेटायला येते, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकतीस वर्षांत कधी एकमेकींच्या वाटेत आल्या नव्हत्या.

"म्हणजे त्या डबड्यासाठी यायची," तो म्हणाला.

हो म्हणणं पुआला सोपं होतं. अर्ध्या मैलावर पुरावा धूर सोडत उभा होता. पण हो म्हटलं तर किल्ली मिळत नव्हती आणि मामाही हातचा जात होता. "डबडं तुमचंच होतं ना?" ती म्हणाली. "मग आवाजही तुमचाच. आजीला काय, घरचा आवाज ऐकू आला की झालं."

"घरचाच आहे," लिनो दोर गुंडाळत म्हणाला. "आंटी लोर्ना सांगते, अंकल झोपेत हुबेहूब तसेच घोरतात. तीन ठोके आणि शिंक. इंजिन भंगारात गेल्याचं कळलं तेव्हा म्हणाली, एक घालवलंत, आता दुसऱ्याचंही बघा."

पुआने मेल्विनकडे पाहिलं. मेल्विनने समुद्राकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मी अजून काही बोललेच नाही."

"मी पाण्यात उतरून आवाज काढला आणि ती आली, तर मी आणली असं होईल. तू नाही. किल्ली माझ्याकडेच राहील, सांगून ठेवतो."

"असं कसं? पाण्यात उतरलात की तुम्ही कॅप्टन नाही, अंकल. तुम्ही इंजिन. आणि इंजिन चालू कर म्हणून सांगतो तो कॅप्टन."

मेल्विनने यावर विचार केला. नियमांच्या बाबतीत तो पक्का होता आणि यात त्याला खोट सापडेना. शिवाय अर्ध्या मैलावर त्याची आजी दुसऱ्याच्या बोटीखाली बसली होती. सावकाश, एकेक गुडघा सांभाळत तो उठला, मास्क चढवला आणि लाल दोरी डोक्यावरून काढून पुआच्या हातात दिली.

"किल्लीशिवाय इंजिन चालू होत नाही," तो म्हणाला, आणि शिडीवरून खाली गेला.

पुआने किल्ली हवेत धरली आणि फिरवली. मेल्विनने पाण्यात तोंड खुपसलं.

धक धक धक फुस्स.

फुस्सच्या वेळी मास्कच्या श्वास घ्यायच्या नळीतून कारंजं उडालं. आवाज मात्र असा तंतोतंत होता, की वर उभ्या लिनोने केवळ सवयीने धुरासाठी नाक दाबलं. पण एका माणसाच्या छातीत चार सिलिंडर मावत नाहीत. पुआच्या ते लक्षात आलं. तिने डॉक्टरांना खूण केली, मग डोरीनबाईंना, मग एकेक करून सगळ्यांना खाली उतरवलं. "ठोके एकदम द्यायचे. शिंक फक्त अंकलची."

सव्वानऊला पॅसिफिक महासागरात तेरा माणसं एका दोराला लटकून, तोंडं पाण्यात घालून धक धक धक करत होती. डॉक्टर व्हिटकॉम अर्धा ठोका मागे होते. दोनदा त्यांच्याकडून शिंकही गेली आणि डोरीनबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग खालच्या निळ्यात एक करडी रेघ हलली. मग तीन. मग मोजता येईनात. आणि त्यांच्या मधून, घाई न करता, तुटका पंख वर काढत तूतू आली.

ती रांगेवरून एकदा फिरली. डॉक्टरांपाशी किंचित थांबली. डॉक्टरांनी नजर दिली, आणि तिचे दात पाहून त्यांच्या छातीत एक ठोका खरोखरच चुकला. मग ती मेल्विनपाशी आली आणि हातभर अंतरावरून, काही न बोलता, त्याच्याकडे बघत राहिली. मेल्विन बिचारा थांबायचं विसरला. बाकी सगळे गप्प झाले तरी तो एकटाच कितीतरी वेळ आवाज काढत होता, पण हळू, घरात कोणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

परत येताना किल्ली पुआच्या गळ्यात होती. मेल्विन बर्फाच्या पेटीवर पाय पसरून बसला होता आणि त्याचा आवाज पार बसला होता.

"बघितलंस ना?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "स्टॅन्लीकडे खरं इंजिन होतं. तरी इकडे आली."

"आली खरी," पुआ म्हणाली, आणि तिने मनापासून मान डोलावली. लिनोनेही डोलावली. उद्यापासून अंकलने रोज सकाळी आवाज काढायला यायचं आणि घशासाठी अंडं फेटलेलं गरम दूध प्यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

धक्क्यावर स्टॅन्ली खेकड्यांच्या टोपल्या उतरवत होता. सगळे शार्क असे एकाएकी त्याला सोडून का गेले, असं पुआने त्याला मेल्विनच्या माघारी विचारलं. त्याला काही कल्पना नव्हती. त्याने सव्वानऊला डबा खायला इंजिन बंद केलं होतं.