इंजिनाचे पाय

तीस वर्षं इंजिन हाकणारा जोतीराम ड्रायव्हर साहेबालाही कधी भ्याला नव्हता. त्या दिवशी मात्र तो सत्तर वर्षांच्या मनुबाईला भीत होता.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. मिरजेहून जतच्या बाजूला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या कोळशाच्या इंजिनाची ही शेवटची फेरी होती. उद्यापासून डिझेल. इंजिनाला हार घातले होते आणि सांगलीचे चार हौशी लोक गळ्यात कॅमेरे अडकवून डब्याच्या दारात उभे होते. डोळ्यांत कोळशाची कुसळं गेली तरी खूश! असतात एकेकाचे शौक.

जोतीरामला धास्ती होती ती खडकवस्तीच्या थांब्याची. तिथं दोन वर्षं पाऊस नव्हता. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. म्हणून गाडी थांबली की जोतीराम इंजिनाच्या टाकीचा नळ सोडायचा आणि वस्तीतल्या बायका हंडे भरून घ्यायच्या. नियमात बसत नव्हतं, पण गार्ड तेवढ्या वेळात पलीकडं तोंड करून विडी ओढायचा.

डिझेलला असली टाकी नसते. हे बायकांना सांगायला हवं होतं, आणि महिनाभर तो ‘उद्या सांगू’ म्हणत होता. असल्या कामात भलेभले शेळी होतात. परवा वस्तीतल्या मनुबाईनंच विचारलं होतं, "नवं इंजिन येतंय म्हनं. लय मोठं हाय?" "व्हय, मोठं हाय," एवढंच बोलून त्यानं शिट्टी मारली होती आणि पळ काढला होता.

गाडी थांबली. बायका रांगेनं उभ्या होत्या, पण आज त्यांचे हंडे आधीच भरलेले होते. ठेवणीतलं लुगडं नेसलेली मनुबाई पुढं झाली. बेंदराला बैलाचे पाय धुवावेत तसं तिनं इंजिनाच्या पुढच्या चाकावर हंडाभर पाणी ओतलं आणि हळदकुंकू लावलं. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. पाणी चाकावरून घसरून खडीत जिरत होतं.

"मावशी, काय करताय ह्ये!" जोतीराम ओरडला.

"आरं, दोन वर्सं पानी पाजलं ह्यानं. जाताना पाय धुवाय नगंत? टँकरचं हुतं न्हवतं त्येवढं आनलंय. उद्या नवं येतंयच की. त्येची टाकी ह्याच्या दुप्पट आसंल."

"आजी, परत एकदा ओता ना," एक कॅमेरेवाला म्हणाला. मनुबाईनं हसून शेजारणीचा हंडाही ओतला.

जोतीरामला स्वतःची लाज वाटली. तो इंजिनाच्या पायऱ्या उतरून खाली आला. "मावशी, नव्याला टाकीच न्हाई. त्ये तेलावर चालतं. मला ठावं हुतं. मी बोललो न्हाई."

शेवटच्या बाईनं कलता केलेला हंडा सरळ केला. मनुबाई ओल्या खडीकडं बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आज पोरास्नी काय पाजू, त्ये बी सांग," ती म्हणाली.

जोतीरामनं नळ सोडला. हंडे भरले, कळश्या भरल्या, कुणी पळत जाऊन घागरी आणल्या. नळ बंद होईना तसा इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन गुंडा कासावीस झाला.

"दादा, बास करा! पुडं चढ हाय. पानी भरायचं ठिकान अकरा मैलांवर. मधीच सपलं तर बॉयलर फुटंल, आग खाली पाडून गाडी थांबवाय लागंल."

"पाडू."

"आवं, शेवटची फेरी ही! तीस वर्सांत एकदाबी गाडी मधी थांबवली न्हाईसा तुमी."

"म्हाइत हाय रं," जोतीराम म्हणाला, आणि नळाला नुसते थेंब येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

चढाच्या निम्म्यात बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी तळाला गेलं. गुंडानं मुकाट्यानं निखारे रुळावर पाडले आणि इंजिन गप्प झालं. कॅमेरेवाले खाली उतरून काय झालं, काय झालं करत आले.

जोतीरामनं मागं वळून बघितलं. डोक्यावर हंडे घेतलेली रांग वस्तीकडं जाताना अजून दिसत होती. ते पाणी परवापर्यंत पुरेल. पुढचं काय, त्याला ठाऊक नव्हतं, आणि या खेपेला शिट्टी मारून पळ काढायला वाफही उरली नव्हती.