हिश्शाचा भाव

शहराच्या वेस्टरब्रो भागातल्या आमच्या इमारतीत घर कुणाच्या नावावर नाही. इमारत संस्थेची आणि प्रत्येकाचा तिच्यात एक हिस्सा. हिश्शाचा भाव दरसाल सभेत हात वर करून ठरतो. मी आणि माझ्या नवऱ्याने, आता हयात नसलेल्या कायने, हिस्सा घेतला तेव्हा अंघोळीला तळघरात उतरावं लागे आणि या गल्लीचं नाव सांगितलं की लोक नाक मुरडत. आता खालच्या पावाच्या दुकानासमोर रांग लागते. आम्ही काही केलं नाही, नुसते राहिलो.

यंदा माझा मुलगा फ्लेमिंग संस्थेचा अध्यक्ष. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याने भाव दुप्पट करायचा ठराव आणला. वाढलेल्या हिश्शावर कर्ज काढून त्याला ऑर्हुस शहरात फ्लॅट घ्यायचा होता, विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला.

"आई, तुझे पैसे भिंतीत नुसते पडून आहेत."

"पडू देत. भिंत उभी आहे ना?"

अडचण त्याच्याच मुलीची होती. तळमजल्यावरचे विलादसेन वृद्धाश्रमात निघाले होते आणि त्यांच्या घरासाठी प्रतीक्षायादीत पहिला नंबर तिचा, सिसेलचा. ती पाळणाघरात काम करते. जुन्या भावाला बँक तिला कर्ज देत होती, नव्या भावाला नाही.

"तरुण आहे, थांबेल," फ्लेमिंग म्हणाला.

"कुठे? जिन्यात?"

सभा तळघरात, सायकलींच्या शेजारी झाली. कॉफी पातळ होती. ठरावाच्या बाजूने भराभर हात वर गेले. विलादसेनांचाही.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"तिथे पैशांचं काय करणार मलाही ठाऊक नाही, रागनहिल्ड. पण मिळताहेत तर घेतो."

विरोधात मी आणि दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण. सिसेल मागे कपबशा गोळा करत होती. तिला मताचा हक्क नव्हता. तिने एकच बशी दोनदा पुसली.

मी जास्त शिकलेली नाही, पण कायदा ऐकून माहीत आहे. खजिनदाराला विचारलं, "हा भाव म्हणजे जास्तीत जास्त ना? कुणी कमी घेतलं तर?"

"चालतं. पण असं कोण करेल?"

"आणि नातवंडाला हिस्सा द्यायचा तर यादी आड येते का?"

"नाही."

"मग माझा हिस्सा सिसेलला. जुन्या भावाने. अंगणाकडची खोली मी ठेवते, ती माझं घोरणं सहन करेल."

"बाबांपेक्षा कमीच घोरतेस," मागून सिसेल म्हणाली. काहीजण हसले. फ्लेमिंग नाही.

नंतर तो वर माझ्या स्वयंपाकघरात आला. उभाच राहिला.

"आई, हे पुढे माझ्या वाट्याला आलं असतं."

"तुझा वाटा तिसऱ्या मजल्यावर आहे. आजच दुप्पट झालाय."

"तू मला लोकांसमोर उघडं पाडलंस."

"हात तू मोजलेस. मी नाही."

पुढच्या आठवड्यात कागद आले. हिस्सा दुसऱ्याच्या नावे करायचा तर अध्यक्षाची सही लागते. फ्लेमिंगने ते पुन्हा पुन्हा वाचले, मग पेन झटकलं आणि म्हणाला, शाई संपली.

मी दुसरं पेन दिलं. त्याने सही केली आणि कॉफी न घेता वर गेला.

सिसेलने त्याच दिवशी पलंग आणला. जिन्याच्या वळणावर तो अडकला, तेव्हा वरून फ्लेमिंग उतरला आणि त्याने दुसरं टोक धरलं.