सोत्याच्या वजनाचा गूळ

संकष्टीला ओझरला जाऊन आल्यावर आत्यांनी माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "सोत्यासाठी नवस बोलून आलेय. पोरगं धुक्यातनं सुखरूप घरी आलं, तर त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन म्हनलं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, लंकाबाई. सोत्या मात्र आमच्या वारूळवाडीतलं कुणाचं पोर नव्हे. तो एका जपानी मालिकेतला, चित्रातला मुलगा. खरं नाव सोता.

खोबरं माझ्या हातातच राहिलं. सोता घरी येत नाही, हे मला माहीत होतं.

झालं असं की, समू झाल्यापासून दुपारी घरात आम्ही तिघीच. माझा नवरा अमृत टोमॅटोच्या मार्केटला गेलेला. आत्यांचं नि माझं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. "भाजी कुठली करू?" "कर मेथी." एवढ्यावर आमचा दिवस निघायचा. एका दुपारी समूला झोळीत टाकलं आणि बारीक आवाजात टीव्हीवर ही मालिका लावली. आत्या कडेला शेंगा फोडत बसल्या होत्या.

डोंगरातलं एक खेडं. वरून धुकं उतरतं, आणि ते ओसरलं की गावातलं एक माणूस नाहीसं झालेलं असतं. ते माणूस कधी होतं, हेसुद्धा कुणाला आठवत नाही. त्याची जागा, त्याचं ताट, सगळं पुसलं जातं. आठवतं ते फक्त दहा वर्षांच्या सोताला. तो कंदील घेऊन दारोदार विचारत फिरतो.

"काय म्हनतंय ते पोरगं?" आत्यांनी विचारलं.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी वाचून सांगितलं, "म्हणतोय, इथे सुतार राहायचा, तो कुठे गेला?"

"आन ती बाई काय म्हनली?"

"म्हणाली, इथे सुतार कधीच नव्हता."

"खोटारडी!" आत्या म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

त्या दिवसापासून दुपार आमची झाली. मी प्रत्येकाचा आवाज काढून सांगायला लागले. देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचा आवाज असा काही घोगरा लागला की समू दचकून उठली, आणि आत्यांनी पुजाऱ्यालाच चार शिव्या घातल्या. मग शेजारच्या मंगलकाकू लसणाची टोपली घेऊन येऊ लागल्या. त्यांचं माहेर घाटमाथ्यावरच्या आहुप्याचं, त्यामुळे धुक्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा खाक्या.

"आमच्या आहुप्याला धुक्यात आपलाच हात आपल्याला दिसत न्हाई," त्या म्हणायच्या, "पर मानूस कवा हरवलं न्हाई. दारात उभं ऱ्हायाचं आन नाव घेऊन हाका मारायच्या. ह्यांच्या गावात हाक मारायला कुनी हाय का न्हाई?"

"तू गप. पुढचं जातंय," आत्या म्हणायच्या.

"मी सांगते लंकाबाई, हे समदं त्या पुजाऱ्याचं काम हाय. बघा कसा बिनकामाचा हासतोय."

"पुजाऱ्याचं न्हाई गं. त्याला गुडघं धरल्यात, त्यो कुठं डोंगर चढतोय?"

मी मधे बसून हसत असायचे. शेवट ठाऊक असूनही बोलत नव्हते, कारण त्या दोघींचे तर्क ऐकण्यात मालिकेपेक्षा जास्त मजा होती.

शेवट मी कॉलेजात असतानाच वाचला होता. माझी मैत्रीण रुपाली मंचरची. ही मालिका ज्या चित्रकथेवरून काढली, तिची सगळी पुस्तकं तिच्याकडे होती आणि आम्ही दोघींनी एकाच पांघरुणात बसून ती संपवली होती. शेवटच्या पुस्तकात सोता स्वतः धुक्यात जातो, हरवलेल्या सगळ्यांना परत पाठवतो आणि मागे एकटा राहतो. गावात कुणालाच तो आठवत नाही. ते पान वाचून रुपाली दोन दिवस जेवली नव्हती. आता मालिकेचा शेवटचा भाग येणार म्हणून आमच्या ग्रुपवर सगळे रुमाल घेऊन तयार होते.

आणि इकडे आत्या नवस बोलून आलेल्या.

सोता धुक्यात राहिला तर मला वाईट वाटणार नव्हतं, माझं रडून झालं होतं. भीती होती ती आमच्या दुपारची. आत्या एकदा दुखावल्या की ती गोष्ट सोडून देतात, मागे वळून बघत नाहीत. त्या पुन्हा माझ्याशेजारी बसल्या नसत्या. परत "भाजी कुठली?" "मेथी."

शेवटी आत्या समूला तेल लावत असताना मी सांगून टाकलं. "आत्या, मी ही गोष्ट आधी पुस्तकात वाचलीय. त्यात सोता घरी येत नाही. कुणाला आठवतसुद्धा नाही तो."

समूच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात थांबला. "आईलाबी न्हाई?"

"आईलाही नाही."

त्यांनी समूला उपडीची सुलटी केली, टाळूवर तेल जिरवलं. मग म्हणाल्या, "पुस्तक कवा छापलं?"

"झाली चार-पाच वर्षं."

"मंग? नवस मी आत्ता बोललेय. त्यो चार वर्षामागच्या पुस्तकात कसा धरला आसंल?"

मी तेलाची वाटी उचलून आत नेली.

रविवारी शेवटचा भाग लावला. मंगलकाकूंनी लसूण आणलाच नाही, नुसत्याच हात बांधून बसल्या. मी समूला मांडीवर घेतलं आणि वाचत गेले. सोता धुक्यात शिरला. सुतार परत आला, चहावाली म्हातारी परत आली, शाळामास्तर आले. गावात दिवे लागले. सोताच्या घरी आईने ताटं मांडली, दोनच. मला पुस्तकातलं पान दिसत होतं. यानंतर ती दार लावून घेते आणि गोष्ट संपते.

ती उठली. दाराशी गेली. कडीला हात लावला.

"लावू नगं," आत्या हळूच म्हणाल्या.

आईचा हात कडीवरच राहिला. ती बाहेर बघत राहिली. हे पुस्तकात नव्हतं.

"अगं हाक मार!" मंगलकाकू ओरडल्या.

"मार की हाक! बघत काय ऱ्हायलीस, तुजंच हाय ते!" आत्या गुडघ्यावर उभ्या.

आईचे ओठ हलले. काहीच आवाज नाही. पुन्हा हलले. आणि मग तिने हाक मारली. मला ते वाचून दाखवावंच लागलं नाही. लांब धुक्यात कंदिलाचा एक पिवळा ठिपका दिसला. या दोघींनी असा गलका केला की समू भोकाड पसरून रडायला लागली, आणि तिच्या नावाखाली मीही रडून घेतलं.

फोन उचलला तर ग्रुपवर आग लागलेली. "नासवलं!" व्हॉइस मेसेजमध्ये रुपालीचा आवाज फाटला होता. "अगं, तो परत येत नाही हीच तर गोष्ट आहे! काय उरलं आता?" एकाने लिहिलं होतं, मालिकावाल्यांत दम नाही. दुसऱ्याने लिहिलं, ऐनवेळी कुणीतरी वरून दबाव आणला असणार. मी आत्यांकडे पाहिलं. त्या चिंच लावून पूजेचं ताम्हण घासायला बसल्या होत्या. दबाव कुठून आला ते मला ठाऊक होतं, पण ग्रुपवर लिहायची हिंमत झाली नाही.

आता प्रश्न वजनाचा.

"चित्राला कसलं वजन?" अमृत म्हणाला. "मोबाईल ठेव तराजूत. पावशेरात भागतंय."

"देवाला फसवायचं व्हय रे? त्याच्या दारात जाऊन बोललेय मी."

शेवटी रुपालीलाच फोन लावला. त्या पुस्तकांच्या मागे प्रत्येकाची माहिती असते. उंची, वजन, आवडता पदार्थ. "एकतीस किलो," ती फुगूनच म्हणाली. "कशाला हवंय?" मी सांगितलं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, "मी येते. हे मला बघायचंच आहे."

"येकतीसच?" आत्या कळवळल्या. "वाळलंय गं पोर. पस्तीस धर."

रुपाली आल्यावर ओझरला निघालो आणि वाटेत गुऱ्हाळावर गाडी थांबवली. गुऱ्हाळवाल्याने ढेपा तोलता तोलता विचारलं, "नवसाचा का, मावशी? मंग पोराला न्हाई आनलं वजनाला?"

"लांब आसतं त्ये."

"पुन्याला?"

"जपानला."

"आरं तिच्या! नोकरीला?"

"न्हाई वं, शाळंत हाय आजून."

रुपाली तोंडात ओढणी कोंबून गाडीच्या मागे गेली.

ओझरला आत्यांनी सगळा गूळ विघ्नहराच्या पायी ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवले. थोडा आम्हाला मिळाला तो घेऊन आम्ही आवारात बसलो. समू गूळ चाटून चिकट झाली होती. रुपालीने पिशवीतून शेवटचं पुस्तक काढलं. "आत्या, हा बघा खरा शेवट," ती म्हणाली, अजून थोडी रुसलेलीच.

आत्यांनी पदराला हात पुसून पुस्तक घेतलं. शेवटच्या पानावर पांढरं धुकं आणि मधे कंदील घेतलेला पाठमोरा मुलगा. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"ह्यो आजून हितंच हाय?"

"हो. म्हणजे पुस्तकात तो तिथेच राहतो."

त्या उठल्या. साडी झटकली आणि परत दर्शनाच्या रांगेकडे चालायला लागल्या.

"आत्या, आता कुठं?" मी विचारलं.

"ह्याच्यासाठी नवस न्हाई का बोलायचा? ह्याला काय आई न्हाई?"

"अहो, ते छापून झालंय!" रुपाली ओरडली.

"मंग काय झालं," आत्या मागे न बघता म्हणाल्या, "परत छापत्यात की."

रुपालीने माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. आठवडाभर ती साऱ्या जगाशी भांडत होती. तिने ते पुस्तक मिटलं, काखेत धरलं आणि चपला तिथेच टाकून धावली.

"आत्या, थांबा! मी पण येते."